कर्जफेडीची सुरुवात : आधी यादी, मग हिशेब, मग क्रम

कर्ज फेडायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘आधी कोणते कर्ज फेडू?’ असा असतो. प्रश्न योग्य आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. एकूण देणे किती आहे, त्यावर दरमहा व्याज किती चढते आणि ते फेडण्यासाठी दरमहा खरोखर किती रक्कम हाती उरते, या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहिलेली नसतील, तर कोणतीही पद्धत निवडली तरी ती दोन-तीन महिन्यांत मोडते. ज्यांच्यावर दोन किंवा अधिक ठिकाणचे वैयक्तिक कर्ज आहे, उत्पन्न सुरू आहे, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांचे उत्पन्नच थांबले आहे किंवा ज्यांना किमान हप्तेही भरता येत नाहीत, त्यांनी ‘हप्ताच भरता येत नसेल तर’ हा भाग आधी वाचावा.

जबाबदारी घेणे म्हणजे काय

कर्ज होण्याची कारणे अनेक असतात. आजारपण, नोकरी जाणे, दुसऱ्यासाठी जामीन राहणे, धंद्यातील खोट, आणि ऐपतीबाहेरचा खर्चसुद्धा. कारण समजून घेतले पाहिजे, कारण गळती चालू असताना भरणा करण्यात अर्थ नसतो. मात्र कारण सापडले की हप्ता टळतो असे नाही, आणि स्वतःला बोल लावत बसल्यानेही मुद्दल कमी होत नाही. व्यवहारात जबाबदारी घेणे म्हणजे तीन साधी कामे करणे : आलेला प्रत्येक कागद आणि संदेश उघडून वाचणे, घरातील ज्या व्यक्तीच्या खर्चावर परिणाम होणार आहे तिला खरा आकडा सांगणे, आणि नवे कर्ज आजपासून थांबवणे.

पहिले काम वाटते तितके क्षुल्लक नाही. माझ्या टेबलाच्या खणात एके काळी अकरा बंद लिफाफे साठले होते. एका रविवारी पट्टीने ते एकेक करून फोडले तेव्हा त्यांत तीन जाहिराती निघाल्या, चार कागद एकाच थकबाकीची क्रमाक्रमाने कडक होत गेलेली स्मरणपत्रे होती, तीन नेहमीची विवरणपत्रे होती, आणि अकराव्या लिफाफ्यात व्याजदर कमी करून देण्याचा प्रस्ताव होता. त्या प्रस्तावाची मुदत सहा आठवड्यांपूर्वी संपली होती. कागद न उघडण्याची किंमत अशी वेगवेगळ्या रूपांत भरावी लागते, आणि ती कोणत्याही विवरणपत्रात दाखवलेली नसते.

घरच्यांशी बोलताना ‘थोडे कर्ज आहे’ असे सांगू नये. ‘थोडे’ या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात वेगळा असतो, आणि पुढे खरा आकडा कळला की कर्जापेक्षा लपवाछपवीचाच राग जास्त येतो. पुढील भागात सांगितलेली यादी आधी तयार करावी आणि तीच समोर ठेवून बोलावे. खर्च कमी करण्याचा निर्णय एकट्याने घेतला आणि बाकीच्यांवर लादला, तर तो टिकत नाही. आकडा सगळ्यांना ठाऊक असेल तर निदान वाद तरी आकड्यावर होतो.

नवे कर्ज थांबवण्याविषयी एक बारकावा बहुतेक नवख्यांना माहीत नसतो. क्रेडिट कार्डाची मागील थकबाकी पूर्ण भरलेली नसेल, तर नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत बहुतेक कार्डांवर लागू राहत नाही, आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणजे थकबाकी असताना त्याच कार्डावर केलेली किरकोळ खरेदीही महाग पडते. म्हणून कार्ड कपाटात ठेवावे, फोनमधील आणि खरेदीच्या संकेतस्थळांवरील साठवलेली कार्डे काढून टाकावीत, आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ या सोयींची खाती बंद करावीत. कार्डाचे खाते लगेच बंद केलेच पाहिजे असे नाही. ते वापरातून जाणे महत्त्वाचे आहे.

यादी करणे

एका मोठ्या कागदावर किंवा संगणकावरील तक्त्यात प्रत्येक देण्यासाठी एक ओळ करावी. त्या ओळीत कोणाचे देणे, आजची शिल्लक, वार्षिक व्याजदर, दरमहाचा हप्ता किंवा किमान देय रक्कम, देय तारीख, तारण किंवा जामीनदार असल्यास त्याची नोंद, उशीर झाल्यास दंड आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारे शुल्क, इतकी माहिती असावी. मित्र-नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे या यादीतून हमखास गळतात, कारण त्यांचा हप्ता नसतो आणि त्यांचे स्मरणपत्रही येत नाही. पगारातून परस्पर कापले जाणारे हप्ते, हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू, थकलेली बिले आणि थकलेला कर हेही असेच सुटतात. दुसऱ्याच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल तर ती रक्कम बेरजेत धरू नये, पण त्याच कागदाच्या खाली वेगळी लिहून ठेवावी, कारण तो माणूस हप्ते भरतो आहे की नाही याकडे तुमचे लक्ष असायला हवे.

‘आजची शिल्लक’ काढताना हप्त्याची रक्कम गुणिले उरलेले महिने असा हिशेब करू नये. त्या गुणाकारात पुढे लागणारे व्याजही धरले जाते आणि देणे आहे त्यापेक्षा मोठे दिसते. कर्ज देणाऱ्या संस्थेला ‘आज कर्ज बंद करायचे झाल्यास किती भरावे लागतील?’ असे विचारावे आणि मिळालेला आकडा तारखेसह लिहावा.

व्याजदराच्या रकान्यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे मासिक दर. ‘फक्त ३ टक्के’ असे सांगितले जाते तेव्हा ते बहुधा दरमहा असतात. वर्षाचे ३६ टक्के झाले, आणि न भरलेले व्याज दरमहा मुद्दलात मिसळत गेले तर वर्षाअखेर ते सुमारे ४२.६ टक्के होतात. देणे किती काळात दुप्पट होईल हे तोंडी काढण्यासाठी ७२ या संख्येला दराने भागण्याची जुनी युक्ती आहे; इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४ सालच्या ग्रंथातही तिचा उल्लेख सापडतो. दरमहा ३ टक्के म्हणजे ७२ भागिले ३, सुमारे २४ महिने. दोन वर्षे काहीच भरले नाही तर एकाचे दोन, आणि त्यात दंड अजून धरलेला नाही.

दुसरी फसगत सपाट दराची, म्हणजे ज्याला फ्लॅट रेट म्हणतात त्याची. समजा, एक लाखाचे कर्ज १० टक्के सपाट दराने २ वर्षांसाठी घेतले. व्याज २०,००० आणि हप्ता ५,००० इतका होतो. वरवर हे १० टक्के वाटतात, पण प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल कमी होत असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत संपूर्ण लाखावरच मोजलेले असते. घटत्या शिलकीवर हाच हप्ता मोजला तर दर सुमारे १८ टक्के निघतो. यादीतील सर्व दर घटत्या शिलकीवरच्या वार्षिक दरात लिहिले नाहीत, तर त्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. दर काढता येत नसेल तर संस्थेकडून तो लेखी मागावा.

तुमच्या नावावरील कर्जांचा पतअहवाल मिळण्याची सोय असेल तर तोही मागवून यादीशी ताडून पाहावा. विसरलेले खाते किंवा चुकीची नोंद तेथे सापडते.

हाती खरोखर किती उरते

उत्पन्नातून खर्च वजा करून उरणारी रक्कम अंदाजाने लिहू नये. मागील तीन महिन्यांची बँकेतील नोंद काढावी आणि प्रत्येक खर्चासमोर ‘अटळ’ किंवा ‘टाळता येण्याजोगा’ असे लिहावे. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती असे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च तीन महिन्यांत दिसत नाहीत. त्यांची वर्षाची बेरीज करून तिला १२ ने भागावे आणि तेवढी रक्कम दरमहा खर्चात धरावी. बहुतेक योजना या एका चुकीमुळे कोसळतात : चार महिने सर्व सुरळीत चालते, पाचव्या महिन्यात वर्षाचा एखादा मोठा खर्च दारात उभा राहतो, आणि माणूस पुन्हा कार्ड बाहेर काढतो.

उत्पन्न दरमहा सारखे नसेल तर मागील वर्षातील सर्वांत कमी उत्पन्नाचा महिना आधाराला धरावा आणि चांगल्या महिन्यातील जादा रक्कम आली त्याच आठवड्यात कर्जात भरावी.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. कर्ज असताना बचत ठेवावी का? महाग व्याजाचे कर्ज डोक्यावर असताना मोठी बचत कमी व्याजावर पडू देणे तोट्याचे आहे, हे गणित खरे आहे. तरीही निदान एका महिन्याच्या अटळ खर्चाइतकी रक्कम हाताशी असावी असे माझे मत आहे. ती नसेल तर पहिल्या आजारपणाला किंवा पहिल्या बिघाडाला पुन्हा उधारी करावी लागते. ही गंगाजळी साठेपर्यंत कर्जांचे फक्त ठरलेले हप्ते भरावेत आणि जादा भरणा त्यानंतर सुरू करावा.

रांगेबाहेरची देणी

फेडीचा क्रम व्याजदरावरून ठरवण्याआधी काही देणी बाजूला काढावी लागतात. ज्यांचा हप्ता चुकल्यास राहते घर, कामधंद्याचे साधन किंवा तारण ठेवलेली वस्तू जाऊ शकते, ज्यांमुळे वीज-पाणी तुटू शकते, किंवा ज्यांत कायदेशीर कारवाई सुरू झालेली आहे, अशी थकबाकी दर कितीही कमी असला तरी प्रथम नियमित करावी. वसुलीसाठी सर्वांत जास्त फोन करणारा धनको सर्वांत महत्त्वाचा असतो असे नाही. पुष्कळदा बिनतारणी कर्जाचे फोन अधिक येतात, कारण त्यांच्या हाती दुसरे काहीच नसते. आणि घराचा हप्ता थकलेला असतो तो मात्र मुकाट्याने वाढत राहतो.

क्रम ठरवण्याच्या दोन पद्धती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रचलित पद्धती दोन आहेत. पहिलीत सर्वाधिक व्याजदराचे कर्ज आधी फेडतात, दुसरीत सर्वांत लहान शिलकीचे. दोन्हींचा पाया एकच आहे : सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरायचे, उरलेली सर्व जादा रक्कम एकाच कर्जावर लावायची, आणि ते संपले की त्याचा मोकळा झालेला हप्ताही पुढच्या कर्जाला जोडायचा. हा शेवटचा भाग सोडून दिला तर दोन्ही पद्धती निकामी होतात, कारण मोकळा झालेला हप्ता महिनाभरात घरखर्चात विरून जातो आणि कोठे गेला ते कळतही नाही.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. समजा, चार देणी आहेत. कार्डाची थकबाकी ६०,०००, दर वर्षाला ३६ टक्के, दरमहा किमान ३,०००. वैयक्तिक कर्ज १,५०,०००, दर १५ टक्के, हप्ता ५,२००. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचे २०,०००, दर १२ टक्के, हप्ता १,०००. आणि नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने ३०,०००, बिनव्याजी, ठरलेला हप्ता नाही. एकूण देणे २,६०,०००. किमान हप्त्यांची बेरीज ९,२०० होते आणि फेडीसाठी दरमहा १५,००० काढता येतात, म्हणजे जादा ५,८०० हाती आहेत. मुदतीआधी फेडण्याचे शुल्क नाही असे धरू.

जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडले तर कार्ड आठव्या महिन्यात संपते, सर्व देणी विसाव्या महिन्यात संपतात आणि एकूण व्याज सुमारे ३२,००० लागते. लहान कर्ज आधी फेडले तर वस्तूचे कर्ज तिसऱ्या महिन्याच्या अखेरीसच संपते, आठव्या महिन्यापर्यंत नातेवाइकाचे पैसेही परत जातात, पण कार्ड चौदाव्या महिन्यापर्यंत रेंगाळते. सर्व संपायला एकवीस महिने लागतात आणि व्याज सुमारे ४४,४०० होते. फरक एका महिन्याचा आणि १२,४०० चा.

हा फरक कोठून आला ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या पद्धतीत बिनव्याजी ३०,००० आधी फेडले गेले आणि त्या पाच महिन्यांत कार्ड दरमहा ३ टक्क्यांनी व्याज खात बसले. म्हणून मी येथे तिसरी मांडणी करून पाहिली : वस्तूचे लहान कर्ज आधी, मग कार्ड, मग वैयक्तिक कर्ज आणि शेवटी नातेवाइकाचे पैसे. एकूण विसावाच महिना लागला, व्याज सुमारे ३५,००० झाले. म्हणजे निव्वळ गणिती क्रमापेक्षा ३,००० जास्त देऊन तिसऱ्या महिन्यात यादीतील एक ओळ खोडता आली. ज्यांची चिकाटी टिकण्याविषयी स्वतःलाच शंका आहे, त्यांनी हे ३,००० आनंदाने द्यावेत असे मला वाटते. १२,४०० द्यावेत असे मात्र वाटत नाही. तुमच्या यादीवर हाच हिशेब वेगळा निघेल, कारण दर जवळजवळचे असतील तर क्रमाने फारसे बिघडत नाही, आणि दरांत मोठी दरी असेल तर बरेच बिघडते. म्हणून पद्धतीचे नाव निवडण्याआधी आपले आकडे दोन्हीकडून मांडून पाहावेत. संगणकावरील तक्त्यात हे तासाभराचे काम आहे.

नातेवाइकाचे पैसे शेवटी ठेवायचे तर त्यांना तसे सांगून ठेवायला हवे. ‘काका, तुमचे पैसे अठराव्या महिन्यापासून तीन हप्त्यांत देतो, आधी कार्डाचे व्याज थांबवतो आहे,’ असे तारखेसह सांगितले तर बहुतेक माणसे समजून घेतात. त्यांनाच पैशांची निकड असेल तर व्याज शून्य असूनही त्यांचा क्रमांक वर घ्यावा. तक्त्यात नात्यांसाठी रकाना नसतो, तो आपण मनात धरायचा असतो.

माणसे क्रम कसा लावतात याचा अभ्यासही झालेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोठ्या कर्जांचा दर जास्त असूनही सहभागी लोक लहान कर्जे आधी मिटवण्याकडे झुकताना दिसले. २०१९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ब्रिटनमधील कार्डधारकांचे व्यवहार तपासले, तेव्हा लोक दराकडे न पाहता ज्या कार्डाची शिलक मोठी त्यावर त्या प्रमाणात रक्कम वाटून भरतात असे आढळले. ही दुसरी सवय सर्वांत वाईट, कारण तिच्यात व्याजही वाचत नाही आणि एकही कर्ज लवकर संपत नाही. जादा रक्कम सगळीकडे थोडी थोडी वाटू नये, हे नवख्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

क्रमाइतकीच जादा रक्कमही महत्त्वाची आहे. वरच्याच उदाहरणात १५,००० ऐवजी १८,००० भरता आले तर जास्त व्याजाच्या क्रमाने सर्व देणी सोळाव्या महिन्यात संपतात आणि व्याज सुमारे २५,७०० वर येते. याउलट फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास काय होते तेही पाहा. कार्डाच्या ६०,००० वर दरमहा ३ टक्के व्याज आणि शिलकीच्या ५ टक्के किमान देय असेल, तर नवी खरेदी अजिबात न करताही थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. तोवर सुमारे ७२,००० भरून झालेले असतात आणि ३०,००० तसेच उभे असतात. किमान देय रक्कम म्हणजे दंड टाळण्यासाठी आखलेली रेषा; कर्ज तिच्या आधाराने संपत नाही.

जादा भरलेली रक्कम कोठे जाते

येथे माझी एक चूक सांगतो. मी एका कर्जात सलग तीन महिने हप्त्यापेक्षा जास्त रक्कम भरली आणि मुद्दल घटले असेल असे गृहीत धरले. चौथ्या महिन्यात विवरणपत्र पाहिले तेव्हा ती जादा रक्कम पुढील हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून बाजूला जमा केलेली होती आणि व्याज पूर्वीच्याच मुद्दलावर लागत होते. फोनवर विचारले असता, ‘तुम्ही तसे लेखी कळवले नव्हते,’ असे उत्तर मिळाले. ते खरेही होते. तेव्हापासून जादा भरणा करताना ती रक्कम मुद्दलात वळती करावी असे लेखी कळवतो, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी असेही लिहितो, आणि पुढील विवरणपत्रात मुद्दल तेवढ्याने उतरले आहे का ते पाहतो. मुदतीआधी फेडीचे शुल्क लागत असेल तर ते आणि वाचणारे व्याज यांची तुलना करून मगच रक्कम भरावी.

कर्जांचे एकत्रीकरण

अनेक कर्जे मिटवण्यासाठी एकच मोठे कर्ज घेण्याचा सल्ला वारंवार मिळतो. नवा दर खरोखर कमी असेल, प्रक्रिया शुल्क धरूनही फायदा होत असेल आणि मुदत वाढत नसेल, तर हा मार्ग उपयोगी आहे. मुदत वाढली की चित्र पालटते. १,५०,००० चे कर्ज १५ टक्क्यांनी ३६ महिन्यांत फेडले तर व्याज सुमारे ३७,२०० होते. तेच १२ टक्क्यांनी ७२ महिन्यांवर नेले तर हप्ता ५,२०० वरून सुमारे २,९३० वर येतो, दरही उतरतो, आणि व्याज मात्र सुमारे ६१,१०० होते. हलका हप्ता हवाच असेल तर गोष्ट वेगळी, पण ती बचत आहे असे कोणी सांगितले तर मानू नये.

कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेण्याच्या सवलतींनाही हेच लागू आहे. सवलतीच्या दराची मुदत किती, ती संपल्यावर दर काय, आणि हलवण्याचे शुल्क किती, हे आधी पाहावे. मुदतीत ती रक्कम संपवण्याचा हिशेब जमत नसेल, तर ही या बोटाची थुंकी त्या बोटावर करण्यातली गत होते. मोकळे झालेले जुने कार्ड पुन्हा वापरात आले तर एकाची दोन कर्जे होतात. घर किंवा तारण देऊन बिनतारणी कर्जे फेडताना तर दहादा विचार करावा, कारण जे कर्ज थकले असते तर पत गेली असती, ते आता थकल्यास छप्पर जाऊ शकते.

हप्ताच भरता येत नसेल तर

किमान हप्त्यांची बेरीजच हाती उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर कोणताही क्रम उपयोगी पडत नाही आणि कर्ज देणाऱ्यांशी बोलावेच लागते. हे बोलणे हप्ता चुकण्याआधी करावे. थकल्यानंतर खाते वसुली विभागाकडे गेले की समोरच्या माणसाच्या हाती सवलती देण्याचे अधिकार कमी उरतात. बोलताना यादी आणि उत्पन्न-खर्चाचा कागद समोर ठेवावा, आणि ‘काहीतरी करा’ असे म्हणण्यापेक्षा ‘पुढील सहा महिने मी इतके भरू शकतो’ असा नेमका प्रस्ताव द्यावा. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, काही काळ हप्ते स्थगित ठेवणे, दंड माफ करणे, दर घटवणे, असे पर्याय निघू शकतात. हप्ते स्थगित असले तरी व्याज सहसा चालूच राहते, हे विचारून घ्यावे. जे ठरेल ते लेखी मिळेपर्यंत ठरले असे समजू नये.

पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन खाते मिटवण्याची तडजोडही काही वेळा होते. तिची नोंद पतअहवालात ‘पूर्ण फेड’ म्हणून होत नाही आणि पुढे कर्ज मिळवताना अडचण येऊ शकते. काही देशांत माफ झालेल्या रकमेवर करही लागू शकतो. तरीही ज्याला पूर्ण फेड शक्यच नाही त्याच्यासाठी तो प्रामाणिक पर्याय आहे. दिवाळखोरीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तेथे जाणत्या वकिलाचा किंवा विनामूल्य कर्जसमुपदेशन देणाऱ्या सेवेचा सल्ला घ्यावा. आधी शुल्क भरा, मग तुमचे कर्ज निम्मे करून देतो, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. कर्ज देणाऱ्याशी बोलणे थांबवून हप्ते आमच्याकडे भरा, असे कोणी म्हटले तर बोलणे तेथेच संपवावे.

दर महिन्याचे काम

योजना सुरू झाली की देखरेखीला फार वेळ लागत नाही. किमान हप्ते पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जातील अशी व्यवस्था करावी आणि जादा रक्कमही त्याच दिवशी भरावी. महिनाअखेरीस उरेल ते भरू, असे ठरवणाऱ्याच्या हाती महिनाअखेरीस काही उरत नाही. महिन्यातून एक दिवस ठरवून यादीतील शिलकीचे आकडे नव्या तारखेने लिहावेत. व्याजदर बदलता असेल तर क्रम पुन्हा तपासावा. एखाद्या महिन्यात जादा भरणा जमला नाही, तर पुढच्या महिन्यात दुप्पट भरण्याचा निश्चय करू नये. ठरलेल्याच रकमेने पुन्हा सुरू करावे.

कर्ज संपल्यावरही एक काम उरते आणि ते आनंदाच्या भरात राहून जाते. शेवटचा हप्ता गेल्यावर खात्यात दोन-चार दिवसांचे व्याज किंवा एखादे शुल्क शिल्लक राहू शकते, आणि त्या क्षुल्लक रकमेवर पुढे दंड चढत जातो. म्हणून खाते शून्यावर आल्याचे आणि बंद झाल्याचे पत्र मागून घ्यावे, आपोआप हप्ता कापण्याची बँकेतील सूचना रद्द करावी, तारण ठेवलेली कागदपत्रे मोजून परत घ्यावीत, त्यावरील बोजाची नोंद उतरवून घ्यावी, आणि दोन-तीन महिन्यांनी पतअहवालात ते खाते ‘बंद’ दिसते आहे का ते पाहावे. जामीनदार असेल तर त्यालाही त्या पत्राची एक प्रत द्यावी.